तुकडा सर्वांत शेवटी सुटू द्या: घरच्या कार्यशाळेत बारीक जोडकाम सुरक्षितपणे कसे कापावे

श्रावण लागला की गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तयारीला वेग येतो. थर्माकोल टाळून लाकडाचे मखर घरीच करू पाहणारी कुटुंबे आता ठिकठिकाणी दिसतात. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळे-पाने टांगण्याची, जुनी चौकट दुरुस्त करायची असते, देव्हाऱ्याच्या महिरपीचा निखळलेला तुकडा नव्याने बसवायचा असतो. ज्यांच्याकडे पोर्तुगीजकालीन घरे आहेत, त्यांच्यापुढे तर वर्षभर पुरेल इतके बारीक काम असते, कारण काचेऐवजी शिंपल्या बसवलेल्या जुन्या खिडक्यांमधील अरुंद पट्ट्या दर काही पावसाळ्यांनंतर कुजतात आणि तशा पट्ट्या बाजारात तयार मिळत नाहीत. दुसरीकडे, पूर्वी फक्त सुताराकडे दिसणारी विजेची कापणयंत्रे आता घरबसल्या मागवता येतात. हौस आणि यंत्र अशा प्रकारे एकाच पडवीत आले आहेत, पण यंत्रासोबत येणारी समज मात्र खोक्यात बांधून येत नाही.

या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज असा, की मोठी फळी कापणे धोक्याचे आणि लहानसा तुकडा कापणे सोपे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. सहा फूट लांबीची फळी कापताना हात पात्यापासून दूर असतात आणि फळीचे वजनच तिला जागेवर ठेवते. अंगठ्याएवढी पाचर किंवा दोन इंचांचे कुसू, म्हणजे सांध्याच्या खोबणीत बसणारे टोक, कापताना यांपैकी कोणतेच संरक्षण उरत नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट पटवून द्यायची आहे: फिरत्या पात्याजवळ असेपर्यंत लाकूड लहान असू नये. खाच, भोक, कुसू, कड असे सगळे काम ते मोठ्या फळीचा भाग असतानाच उरकावे आणि तुकडा सर्वांत शेवटी, शक्यतो हातकरवतीने, वेगळा करावा.

लहान तुकडाच अधिक धोक्याचा का?

विळीवर काकडी चिरणाऱ्या प्रत्येकाला याचे उत्तर अनुभवाने ठाऊक असते. काकडी अख्खी असते तेव्हा हात निर्धास्त असतो. शेवटचा दोन बोटांचा तुकडा उरला की बोटे पात्याला भिडू लागतात, पकड निसटते, आणि शहाणी व्यक्ती तो तुकडा तसाच बाजूला ठेवते. गोल पात्याच्या टेबलावर, म्हणजे ज्याला आपण टेबल सॉ म्हणतो त्यावर, हीच स्थिती असते. फरक एवढाच, की येथे पाते स्थिर नसते. दहा इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. मार्बल कटर म्हणून मिळणाऱ्या छोट्या यंत्राचे पाते फक्त ११० मिलिमीटरचे असते, पण ते मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेते. तेथे पात्याच्या कडेचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. यंत्र लहान म्हणून धोका लहान, हा हिशेब त्यामुळे चुकतो.

वेगाइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे आधार. टेबल सॉवर लाकूड एका सरळ पट्टीला टेकवून पुढे सरकवतात. तिला फेन्स म्हणतात. फळी लांब असली की तिची लांब कड फेन्सला चिकटून राहते आणि ती सहजासहजी तिरकी होत नाही. तुकडा जेमतेम तीन इंचांचा असला, तर त्याची फेन्सला टेकणारी कडही तीन इंचांचीच असते, आणि हाताच्या दाबात किंचित फरक पडला की तो जागच्या जागी फिरतो. त्यातच त्याला वजन नसते. पात्याने ओढले तर जड फळी क्षणभर तरी प्रतिकार करते, हलका तुकडा करत नाही.

लाकूड मागे उसळते म्हणजे नेमके काय होते?

कापता कापता लाकूड एकाएकी उचलले जाऊन कापणाऱ्याच्या अंगावर फेकले जाते, त्याला किकबॅक म्हणतात. आपण पुढे उसळी म्हणू. टेबल सॉच्या पात्याची पुढची बाजू, म्हणजे आपल्याकडची, खाली जात असते आणि लाकडाला टेबलावर दाबून धरते. पात्याची मागची बाजू मात्र वर येत असते. लाकूड सरळ पुढे सरकत आहे तोवर या मागच्या दातांचा त्याला स्पर्श होत नाही. पण तुकडा थोडा तिरका झाला, किंवा पाते आणि फेन्स यांच्या बेचक्यात अडकला, की मागचे दात त्याची कड पकडतात, वर उचलतात आणि पुढच्या क्षणी पात्याच्या पूर्ण वेगाने आपल्या दिशेने भिरकावतात.

उसळीतील खरा घात लाकूड अंगावर येण्यापुरता नसतो. लाकूड धरलेला हात त्याच्यासोबत पात्याकडे ओढला जातो. माणसाला एखादी गोष्ट जाणवून हात मागे घ्यायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात दहा इंची पाते तेरा फेरे, तर मार्बल कटरचे पाते चाळीस फेरे पूर्ण करते. ‘मी सावध असतो’ हे वाक्य अनेक जण प्रामाणिकपणे उच्चारतात, परंतु या आकड्यांपुढे सावधपणाला अवधीच मिळत नाही. अमेरिकेतील ग्राहकसुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार एकट्या २०१५ साली तेथे टेबल सॉच्या पात्याला लागून झालेल्या सुमारे ३०,००० जखमांवर रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत उपचार झाले. यंत्रे दर्जेदार आणि माहितीपत्रके सविस्तर असलेल्या देशातील ही गोष्ट आहे.

उसळी रोखण्यासाठी पात्याच्या लगेच मागे, पात्याच्याच रेषेत, धातूची एक पातळ पट्टी बसवलेली असते आणि ती पात्याबरोबर वरखाली होते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. कापलेल्या लाकडाच्या दोन बाजू एकमेकींकडे आवळू नयेत आणि तुकडा मागच्या दातांवर सरकू नये, हे तिचे काम. सुट्या भागांच्या पिशवीतच राहून जाणारा हा पत्रा यंत्राचा सर्वांत मोलाचा भाग आहे, असे माझे ठाम मत आहे. टेबल सॉ विकत घेताना मोटरच्या ताकदीआधी तो आहे की नाही हे पाहावे.

मार्बल कटर फळीखाली उलटा बसवून टेबल सॉ का करू नये?

हा जुगाड आपल्याकडे सर्रास दिसतो. प्लायवुडला फट पाडायची, खालून मार्बल कटर स्क्रूने आवळायचा, बटण दाबलेलेच राहील असे अडकवायचे आणि वर लाकूड सरकवायचे. खर्च कमी होतो हे खरे. परंतु हे यंत्र हातात धरून फरशी कापण्यासाठी घडवलेले आहे. फरशीच्या पात्याला दात नसतात, ते घासून कापते. लाकडाच्या पात्याला दात असतात आणि ते ओरबाडते. उलट्या मांडणीत रायव्हिंग नाइफ नसतो, वरचे झाकण नसते, पात्याला समांतर राहील असा पक्का फेन्स नसतो, आणि अडचणीच्या क्षणी यंत्र बंद करण्यासाठी हात टेबलाखाली न्यावा लागतो. लहान तुकड्यांसाठी याहून वाईट मांडणी सुचवणे अवघड आहे.

अँगल ग्राइंडरला दातेरी लाकूड-पाते लावणे त्याहून घातक. ग्राइंडरची मूठ, झाकण आणि वेग धातू घासण्याच्या हिशेबाने ठरवलेले असतात. दात लाकडात अडकला की अख्खे यंत्रच हातातून उलटते. ते अजिबात करू नये. कोणतेही पाते विकत घेताना त्यावर छापलेली कमाल फेऱ्यांची मर्यादा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा अधिक आहे ना, हे तपासावे. ती छापलेलीच नसेल, तर ते पाते घेऊ नये.

मग तुकडा शेवटी सोडवायचा म्हणजे प्रत्यक्षात कसे?

मखराच्या मागे लावायच्या जाळीचे उदाहरण घेऊ, कारण बारीक जोडकामाची सारी अडचण त्यात एकवटलेली आहे. उभ्याआडव्या पट्ट्या एकमेकींत बसण्यासाठी प्रत्येक पट्टीला ठराविक अंतरावर, अर्ध्या जाडीपर्यंत खाचा पाडाव्या लागतात. नवशिका काय करतो? आधी दहा मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापतो आणि मग त्या काडीसारख्या पट्ट्या एकेक करून पात्यावर धरून खाचा पाडतो. प्रत्येक खाच हा एक नवा धोका, आणि खाचा एकमेकींशी जुळतही नाहीत.

त्याऐवजी १५० मिलिमीटर रुंद, ६०० मिलिमीटर लांब आणि २० मिलिमीटर जाड अशी फणसाची सरळ धाग्यांची फळी घ्यावी. फळी अखंड असतानाच तिच्या रुंदीवर आडव्या खाचा पाडाव्यात: खाच दहा मिलिमीटर रुंद, दहा मिलिमीटर खोल, आणि दोन खाचांमध्ये साठ मिलिमीटर अंतर. एवढी मोठी फळी धरताना हात पात्यापासून आपोआप दूर राहतात. टेबल सॉ नसेल, तर खाचेच्या दोन्ही कडांवर हातकरवत चालवून मधला भाग पटाशीने काढता येतो, आणि पाच-सहा इंच रुंदीवर ते काम अगदी नेटके होते. खाचा झाल्या, की मग फळी लांबीत चिरून दहा मिलिमीटरच्या पट्ट्या पाडाव्यात. प्रत्येक पट्टी फळीतून बाहेर पडते ती खाचांसह, आणि सर्व पट्ट्यांच्या खाचा तंतोतंत एका ओळीत असतात, कारण त्या एकाच वेळी पडलेल्या असतात. सुरक्षितता आणि अचूकता येथे एकाच कृतीतून मिळतात. बारीक कामात बहुधा असेच घडते, आणि म्हणूनच हा विषय मला इतका जवळचा वाटतो.

पट्ट्या चिरताना मात्र एक पथ्य आहे. फेन्स पात्यापासून दहा मिलिमीटरवर ठेवून पट्टी फेन्स आणि पाते यांच्या मध्ये कापू नये. तेवढ्या अरुंद फटीत ढकलण्याची काठीही नीट जात नाही, आणि सुटलेली पट्टी दोन्हींच्या मध्ये अडकून भाल्यासारखी मागे येते. फळीचा रुंद भाग फेन्सकडे ठेवावा आणि पातळ पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला पडू द्यावी. प्रत्येक कापानंतर फेन्स पट्टीच्या रुंदीइतका अधिक पात्याच्या जाडीइतका आत सरकवावा लागतो. थोडा वेळ जातो, पण तो जाऊ द्यावा. पात्याची जाडी तीन मिलिमीटर धरली, तर अशा फळीतून आठ पट्ट्या निघतात आणि सुमारे ४५ मिलिमीटर रुंदीचा भाग उरतो. तो भाग यंत्रावर आणखी चिरू नये. उरलेल्या भागातून दोन पट्ट्या वाचवण्याचा मोहच पुष्कळदा बोटांवर बेततो.

हीच रीत इतर सर्व बारीक कामांना लागू पडते. सुट्या कुसवांची गरज असेल, तर फुटा-दीड फुटाची एकच लांब पट्टी हव्या त्या जाडीची व रुंदीची करून घ्यावी, तिच्या कडा गोल कराव्यात आणि मग हातकरवतीने हव्या त्या लांबीचे तुकडे पाडावेत. भोक पाडायचे असेल, तर ते तुकडा वेगळा करण्याआधी पाडावे, कारण हातात धरलेला लहान तुकडा ड्रिलच्या टोकाला अडकला की पंख्यासारखा फिरतो. कडेला नक्षी काढायची असेल, तर ती रुंद फळीच्या कडेवर राउटरने, म्हणजे कडा कोरणाऱ्या यंत्राने, काढून नंतर तेवढी कड चिरून घ्यावी. लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून घडवण्याच्या यंत्रावर, काम करणारे कारागीर, ज्यांत कुंकळ्ळीचे लाखकाम करणारे चितारीही आले, वस्तू पूर्ण घडवून झाल्यावरच ती मूळ ठोकळ्यापासून तोडतात. सुतारकामातही तोच क्रम पाळायचा आहे.

यंत्रावर आखूड तुकडा कापणे टळतच नसेल तर?

तर हाताऐवजी दुसऱ्या कशाने तरी तो तुकडा धरला जायला हवा. त्यासाठी स्लेड नावाची साधी घडण घरीच करता येते. टेबल सॉच्या खोबणीत सरकणाऱ्या दोन पट्ट्यांवर प्लायवुडचा एक पाट बसवायचा आणि त्याच्या पुढेमागे काटकोनात दोन उंच आडव्या पट्ट्या लावायच्या. तुकडा मागच्या पट्टीला टेकवून क्लॅम्पने आवळायचा, आणि मग लाकूड न सरकवता अख्खा पाट सरकवायचा. तुकडा पाटावर स्थिर राहतो, हात पाटाच्या दूरच्या कडांवर असतात, आणि पाटातील फट पात्याइतकीच अरुंद असल्याने बारीक तुकडे खाली घसरून अडकत नाहीत. ज्या ठिकाणी पाते पाटातून बाहेर पडते, तेथे मागच्या बाजूला एक जाड ठोकळा चिकटवून ठेवावा, म्हणजे काप संपताना अंगठा तेथे जाणार नाही.

एकाच मापाचे अनेक तुकडे हवे असतील, तर पाटाच्या मागच्या पट्टीवर अडणीचा ठोकळा आवळतात. परंतु फेन्सलाच अडणी मानून आडवा काप घेऊ नये. कापलेला तुकडा फेन्स आणि पाते यांच्या मध्ये मोकळा सुटतो, तिरका होतो आणि उसळतो. फेन्स वापरायचाच असेल, तर पात्याच्या बऱ्याच अलीकडे त्यावर एक ठोकळा आवळून माप घ्यावे, म्हणजे काप सुरू होईपर्यंत लाकूड त्या ठोकळ्यापासून दूर गेलेले असेल आणि सुटलेल्या तुकड्याला जागा मिळेल.

पाते लाकडाच्या पृष्ठभागापेक्षा दाताच्या उंचीइतकेच वर ठेवावे. सुटलेला बारीक तुकडा पात्याजवळ पडला, तर यंत्र बंद करून पाते पूर्ण थांबल्यावरच तो उचलावा. वरून खाली येणाऱ्या कापणयंत्रावरही, म्हणजे मायटर सॉवर, हेच लागू आहे: काप झाल्यावर पाते खालीच ठेवून बटण सोडावे आणि ते थांबल्यावर वर घ्यावे, कारण फिरते पाते वर येताना लहान तुकडे उडवते. तेथे बोटे पात्यापासून निदान सहा इंच दूर हवीत. तुकडा त्याहून आखूड असेल, तर तो त्या यंत्रावर कापायचाच नसतो. रंधायंत्राबाबत तर मर्यादा आणखी कडक आहे. फुटापेक्षा आखूड लाकूड त्यावर चालवू नये, आणि हातात धरायचा विजेचा रंधा उलटा बसवून लहान तुकडे घासू नयेत. तुकडा घासायचाच असेल, तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर तो घासावा.

हातकरवतीने वेळ लागतो आणि काप वाकडा जातो, त्याचे काय?

ही शंका रास्त आहे, परंतु ती बहुधा चुकीच्या करवतीमुळे उद्भवते. फांद्या तोडायच्या करवतीने कुसू कापायला गेल्यास काप वाकडाच जाणार. बारीक जोडकामासाठी पाठीवर धातूची कडक पट्टी असलेली, इंचाला चौदा-सोळा दात असलेली छोटी करवत मिळते. पाठ कडक असल्याने तिचे पाते पातळ असूनही वळत नाही. तिच्यासोबत बेंच हुक हवा. म्हणजे साधारण दहा इंच लांब व सहा इंच रुंद फळीचा तुकडा, ज्याच्या एका टोकाला खालून आणि दुसऱ्या टोकाला वरून आडवी पट्टी लावलेली असते. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला आपला तुकडा टेकतो, आणि करवतीचा प्रत्येक रेटा तुकड्याला अधिकच घट्ट बसवतो. जपानी पद्धतीची करवत ओढताना कापते. तिच्यासाठी तुकडा क्लॅम्पनेच आवळावा.

काप सरळ येण्याचे रहस्य करवत चालवण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात आहे. गुण्या, म्हणजे काटकोन तपासण्याचे साधन, लावून पेन्सिलीऐवजी धारदार सुरीने रेघ ओढावी. सुरी लाकडाचे धागे कापते, त्यामुळे वरचा पापुद्रा नंतर उचकटत नाही. मग त्या रेघेला लागून, टाकाऊ भागाच्या बाजूने, पटाशीने एक तिरका बारीक छेद घ्यावा, म्हणजे रेघेच्या कडेला छोटीशी पन्हळ तयार होते. करवत त्या पन्हळीत ठेवली की ती आपोआप जागेवर बसते. अंगठ्याचे पेर पात्याच्या कुशीला टेकवून पहिले दोन-तीन हलके हेलकावे द्यावेत, काप पाव इंच खोल गेला की अंगठा काढून घ्यावा, आणि त्यानंतर करवतीच्या वजनापलीकडे दाब देऊ नये. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश धरतात. तेवढ्या कापाला फणसाच्या किंवा सागाच्या लाकडात मिनिटभरही लागत नाही. मत्ती किंवा किंदळ यांसारख्या कठीण लाकडाला अधिक वेळ लागेल हे कबूल, पण कठीण लाकडातील उसळीही तितकीच जोरदार असते.

हातहत्यारे पूर्ण निर्धोक आहेत, असे मात्र समजू नये. पटाशीची जखम जवळजवळ नेहमी त्याच हाताला होते, ज्याने तुकडा धरलेला असतो. तुकडा क्लॅम्पमध्ये आणि दोन्ही हात धारेच्या मागे, हा नियम पाळला तर ती जखम होऊच शकत नाही. बोथट पटाशी धारदार पटाशीपेक्षा वाईट, कारण तिला जास्त जोर लावावा लागतो आणि ती निसटली की तो सगळा जोर कुठेतरी जातो.

हातमोजे घातले तर धोका टळेल ना?

उलट वाढेल. फिरत्या पात्याला मोजा रोखू शकत नाही. त्याचा एखादा धागा दातात सापडला की तो संपूर्ण हात आत ओढतो. लांब बाह्या, ओढणी, मोकळे केस, बांगड्या, अंगठी, गळ्यातील साखळी यांनाही हेच लागू आहे. चष्मा मात्र हवाच, आणि तो बाजूनेही झाकणारा हवा.

आमचे मेस्त इतकी वर्षे असेच कापतात, त्यांना काही झाले नाही

अनुभवी सुताराची पकड, त्याचा कान आणि लाकडाची ओळख यांविषयी मला मनापासून आदर आहे. पात्याचा आवाज बदलला, की लाकूड आवळत आहे हे त्याला कळते. ती जाण आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी काम करणाऱ्याला येत नाही, म्हणून त्याची नक्कल करताना त्याचे कौशल्य वगळून फक्त त्याची बेफिकिरी उचलली जाते. शिवाय एखाद्या जुन्या सुताराला त्याच्या बोटांविषयी आदरपूर्वक विचारून पाहावे. ‘काही झाले नाही’ हे उत्तर वाटते तितक्या वेळा मिळत नाही.

पात्याला त्वचेचा स्पर्श होताच ते सेकंदाच्या काही हजारांश भागात थांबवणारी यंत्रे अमेरिकेत निघाली आहेत. त्या तंत्राची कल्पना स्टीव्ह गॅस यांनी १९९९ साली प्रथम प्रत्यक्षात आणली. ती यंत्रे महाग आहेत, आणि तसे यंत्रही उसळी थांबवत नाही.

गोव्याच्या पावसाळ्यात वेगळी काळजी कोणती?

दोन गोष्टींची. पहिली लाकडाची. लाकूड हवेतील ओल शोषते आणि सोडते. हवेतील आर्द्रता ८० टक्के असेल, तर लाकडातील ओल कालांतराने १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. ९० टक्क्यांना ती २० च्या जवळ जाते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हीच स्थिती असते. असे ओलसर लाकूड, विशेषतः अंगणातील फणस तोडून नुकत्याच चिरून आणलेल्या फळ्या, कापताना आतील ताण मोकळा होऊन पात्याभोवती आवळतात, आणि रायव्हिंग नाइफ नसेल तर उसळी ठरलेलीच. फळी वाळण्यास जाडीच्या प्रत्येक इंचामागे साधारण एक वर्ष, असा जुना ठोकताळा आहे. चवथीचे काम असेल, तर लाकूड उन्हाळ्यातच घरात आणून, फळ्यांमध्ये काड्या घालून, हवा खेळेल असे रचून ठेवावे. पावसात घट्ट बसलेला सांधा एप्रिलमध्ये खुळखुळतो, तो याच कारणाने.

दुसरी गोष्ट विजेची, आणि तिच्याकडे फारच थोडे लक्ष दिले जाते. मार्बल कटरचे बटण दाबलेल्या स्थितीत अडकवलेले असताना वीज गेली, तर आपण यंत्र सोडून बाजूला होतो, आणि वीज परत येताच ते आपोआप सुरू होते. त्या क्षणी कोणाचा तरी हात पात्याजवळ असू शकतो. वीज गेली की प्रथम प्लग काढावा. कायमच्या टेबलासाठी असा स्विच बसवून घ्यावा, जो वीज गेल्यावर स्वतः बंद होतो आणि पुन्हा दाबल्याशिवाय सुरू होत नाही. ओल्या पडवीत काम होत असेल, तर त्या सॉकेटवर ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक ब्रेकर आणि पक्के अर्थिंग हवेच. पाते बदलताना केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग डोळ्यांसमोर काढून ठेवावा.

भुसा आणि जखम

लाकडाच्या बारीक धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत गणले. हा धोका मुख्यतः वर्षानुवर्षे धुळीत काम करणाऱ्यांचा. तरी सागाची आणि शिसवीची धूळ कित्येकांना त्वचेवर आणि श्वसनमार्गात लगेच त्रास देते. एन-९५ मास्क घालावा आणि शक्य तितके कापणे घराबाहेर करावे.

जखम झालीच, तर स्वच्छ कापड दाबून धरावे, हात हृदयापेक्षा वर ठेवावा, सूज येण्याआधी अंगठी काढावी आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बोट तुटले असेल, तर ते स्वच्छ, किंचित ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवू नये, बर्फाने पेशी मरतात आणि जोडणी अशक्य होते. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत रुग्णाला खाण्यापिण्यास काही देऊ नये, कारण शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागू शकते. म्हणूनच एकटे असताना यंत्र चालवू नये. निदान हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवे, आणि फोन खिशात हवा.

एवढे सगळे विकत घ्यायचे तर खर्च किती?

सुरुवातीला फार नाही, कारण बारीक कामाला यंत्र जवळजवळ लागतच नाही. पाठीची करवत, पाव आणि अर्ध्या इंचाच्या दोन पटाश्या, गुण्या, धार लावण्याचा दगड, दोन क्लॅम्प, चष्मा आणि मास्क एवढ्यावर मखराची जाळी, देव्हाऱ्याची महिरप आणि खिडकीच्या पट्ट्यांचे सांधे होतात. बेंच हुक घरातल्या उरल्यासुरल्या फळीतून करता येतो. लांब चिरकाम सॉ मिलमध्ये किंवा ओळखीच्या सुताराकडून करून घ्यावे; फळ्या हव्या त्या जाडीच्या करून आणल्या, की घरी उरते ते केवळ आडवे कापणे आणि खाचा पाडणे. टेबल सॉचा विचार त्यानंतर, कामाची खरी गरज दिसू लागल्यावर करावा, आणि तो घेतलाच तर त्यावरचे पहिले काम स्लेड बनवण्याचे असावे.